मुलीला पायलट व्हायचंय. १५ लाख गणपतीआधी भरायचे का?

भोसरी_टर्निंग

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि तीन लेथ. जॉबवर्क करतो. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ८१ टक्के, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही आहेत. तिला विमान चालवायचंय. हे खूळ आजचं नाही. आठवीत होती तेव्हा धानोरीला मेहुण्याच्या गच्चीवर गेलो होतो, लोहगावला उतरणारी विमानं तिथून जवळ दिसतात. तेव्हापासून तिच्या एका दोनशेपानी वहीत तारीख, वेळ आणि विमानाचा नंबर लिहिलेला असतो. ती वही आता तिसरी आहे.

मागच्या आठवड्यात डेक्कनला एका सल्लागाराकडे गेलो. एकूण ४८ लाख, १८ महिन्यांत लायसन्स हातात, नोकरीचं आम्ही बघू, असं म्हणाला. १५ लाख गणपतीआधी भरले तर २ लाख सूट. मी विचारलं विमानं किती आहेत, तर म्हणाला भरपूर आहेत. पैसे परत मिळण्याबद्दल कागदावर एक ओळ नाही.

माझी अडचण अशी आहे. जुनं मशीन घ्यायचं तर मी तिथे जातो, स्पिंडल फिरवतो, डायल लावून रनआउट, म्हणजे स्पिंडल किती डगमगतो, ते बघतो, मग पैशाचं बोलतो. इथे डायल कुठे लावायचा तेच कळत नाही. घरात या धंद्यातलं कोणी नाही. मुलीला चष्मा आहे, उणे पावणेदोन. मिसेसला काळजी की मुलगी लहान गावात हॉस्टेलवर दोन वर्षं राहणार. मला काळजी पैशाची आणि पैशापेक्षा जास्त ती मध्येच अडकण्याची. कोणी या वाटेने गेलं असेल तर स्पष्ट सांगा.

कर्वेनगर_९३

मेडिकलच्या आधी एक रुपयाही भरू नका. मी हे पोळलेला माणूस म्हणून सांगतोय. बारावीनंतर उत्साहात थेट क्लास लावला, फी भरली, चार महिने मेटिऑरॉलॉजी शिकलो. मग मेडिकलला गेलो. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, इशिहारा म्हणतात त्याला. पहिल्या पानावरचा आकडा वाचला. पुढच्या पानावर मला नुसते ठिपके दिसत होते. शेजारी उभ्या बाबांना त्यात आकडा दिसत होता. अठरा वर्षं मला लाल-हिरव्याचा घोळ आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

ही तपासणी कुठल्याही चांगल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटांत होते. उद्याच करून घ्या. चष्म्याचं टेन्शन घेऊ नका. चष्म्याने नजर ६/६ येत असेल तर एवढ्या नंबरावर कोणी अडवत नाही. मी आता विमानतळावर ग्राउंड ऑपरेशन्सला आहे आणि काम आवडतं. पण ते चार महिने आणि ती फी अजून डोक्यातून जात नाही.

हडपसर_ग्लायडर

काका, मी हडपसरचा. ग्लायडिंग सेंटरच्या कुंपणाजवळ आमचं घर. विंचचा दोर ताणला की ग्लायडर गवतावरून पळायचं, पतंगासारखं वर चढायचं, आणि वर दोर सुटला की सगळं शांत. ते बघत मोठा झालो. आता एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या शेजारचा सहवैमानिक, आहे. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण माझ्या वडिलांनी नेमका हाच प्रश्न कोणालाच विचारला नव्हता.

डायल लावायची जागा आहे. तुम्ही रोज करता तोच हिशोब आहे तो, मशीन-अवरचा.

कमर्शियल पायलट लायसन्सला, सीपीएलला, किमान २०० तास उड्डाण लागतं. त्यात १०० तास पायलट इन कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असताना, २० तास स्वतः कमांडमध्ये क्रॉस कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून लांबच्या दुसऱ्याकडे, त्यातलं एक उड्डाण ३०० नॉटिकल मैलांचं, म्हणजे साधारण ५५५ किलोमीटर, आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास बाहेर न बघता नुसत्या इन्स्ट्रुमेंटवर, त्यातले पाचपर्यंतच सिम्युलेटरवर चालतात. ५ तास रात्रीचे, १० टेकऑफ आणि १० लँडिंगसह. आता शाळेत ६० मुलं असतील तर शाळेने एकूण १२,००० तास उडवायला हवेत. माझ्या शाळेच्या ब्रोशरवर आठ विमानं होती. मी गेलो तेव्हा उडण्याच्या स्थितीत तीन होती. एक विमान दिवसाला ५ तास उडालं आणि वर्षातले २५० दिवस हवामान बरं मिळालं असं धरा, तर तीन विमानांचे ३,७५० तास होतात. १२,००० ला ३,७५० ने भागा. सव्वातीन वर्षं येतात. ब्रोशरवर १८ महिने लिहिलं होतं.

हा भागाकार मी पैसे भरल्यावर दीड वर्षाने केला, हॉस्टेलच्या गच्चीवर बसून. माझ्या २०० तासांना २६ महिने लागले आणि त्यातही मी नशीबवान म्हणायचा. वडिलांनी पहिल्या सहा महिन्यांतच ऐंशी टक्के रक्कम देऊन टाकली होती. त्यानंतर फोन केला की उत्तर ठरलेलं असायचं, पार्ट येतोय, इन्स्ट्रक्टर सोडून गेला, नवा येतोय. पैसे आधी गेलेले असले की तुमच्या फोनला वजन राहत नाही. शाळेचं नाव इथे घेत नाही, पण असं एकाच ठिकाणी होतं असं समजू नका.

म्हणून स्वतः जा. मुलीला घेऊन जा. ऑफिसात बसू नका, हँगरमध्ये जायची परवानगी मागा. प्रत्येक विमानाचं रजिस्ट्रेशन लिहून घ्या, आपल्याकडची सगळी व्हीटी ने सुरू होतात, आणि प्रत्येकाबद्दल एकच विचारा, शेवटचं कधी उडालं. सेसना १७२ या शिकाऊ विमानाला चार सिलिंडरचं एअर-कूल्ड लायकोमिंग इंजिन असतं, साधारण २,००० तासांनी ओव्हरहॉलला जातं. कुठल्या इंजिनाचे किती तास उरलेत हे तुम्ही विचारलंत तर समोरच्याला कळेल की माणूस मशीनमधला आहे. इंजिनावरचं झाकण, काउलिंग, काढून ठेवलेलं, टायर बसलेले, पंखावर धूळ, असं विमान मोजणीत धरू नका. नंतर कँटीनमध्ये चहा घ्या आणि मुलांना विचारा की गेल्या तीस दिवसांत तुझे किती तास झाले. तीन वेगळ्या बॅचच्या मुलांना विचारा. तो आकडा खरा. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२५ पासून शाळांची क्रमवारी जाहीर करायला सुरुवात केलीय, तीही बघा, पण कँटीन चुकवू नका.

आता क्रम. आधी क्लास टू मेडिकल, म्हणजे पहिली वैद्यकीय तपासणी, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे. यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. रक्त, लघवी, ईसीजी, छातीचा एक्स-रे, कान, डोळे. मुलीचं हिमोग्लोबिन आधीच तपासून घ्या, कमी निघालं तर उगाच टेम्पररी अनफिटचा शिक्का बसतो आणि महिने जातात. मग क्लास वन, त्याच्या वरची कडक तपासणी. ते ठरावीक केंद्रांवरच होतं. मी बंगळुरूला हवाई दलाच्या एअरोस्पेस मेडिसिनच्या संस्थेत गेलो होतो, उद्यान एक्सप्रेसने, वडील सोबत. लायसन्स क्लास वनवर मिळतं, क्लास टूवर नाही. हे हातात येईपर्यंत शाळेचं नाव काढू नका.

त्याच्या जोडीला कॉम्प्युटर नंबरचं काम सुरू करा. डीजीसीएच्या परीक्षेला बसायला तो लागतो आणि त्यासाठी मार्कशीट बोर्डाकडून तपासून आलेली हवी. शिवाजीनगरला बोर्डाच्या ऑफिसात अर्ज करावा लागतो. छोटं काम आहे, पण माझ्या बॅचमधली दोन मुलं यात अडकून एक सत्र मुकली.

मग परीक्षा, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की लेखी पेपर उडायला जायच्या आधी इथे पुण्यातच राहून काढा. एअर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल. टेक्निकल स्पेसिफिक ज्या विमानावर शिकणार त्यावर असतो, तो नंतर. पासिंग ७० टक्के. निगेटिव्ह मार्किंग नाही. नेव्हिगेशनला मुलं रडतात. हातात गोल फिरवायचा फ्लाइट कॉम्प्युटर असतो, स्लाइड रूलसारखा. त्यावर वारा लावून हेडिंग काढायचं. एक अंश चुकलं तर साठ मैलांवर तुम्ही एक मैल बाजूला असता. हे घरच्या टेबलावर शांतपणे समजतं. तिकडे दिवसभर उन्हात आपल्या नंबरची वाट बघून रात्री पुस्तक उघडत नाही. रेडिओवर बोलायचा परवाना, आरटीआर, वेगळा, त्याची परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घ्यायची, नवा विमान कायदा २०२५ मध्ये लागू झाल्यापासून तो डीजीसीएकडे आला. त्यासाठी रोज मोठ्याने बोलायचा सराव लागतो. मी खडकवासल्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून पुटपुटायचो.

पेपर निघाले, क्लास वन हातात आहे, आणि मग तुम्ही शाळेत गेलात, तर मुलगी फक्त उडायलाच तिथे आहे. दोन वर्षांचं हॉस्टेल दीड वर्षावर येऊ शकतं. आणि पैसे तासांच्या टप्प्याने. ४० तास झाले की पुढचा हप्ता. शाळा नाही म्हणाली तर दुसरी शाळा बघा. २ लाखांची सूट तुमच्या हातातलं एकमेव हत्यार काढून घेते.

गणपतीआधी घाई का नको, तेही सांगतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग खाली असतात, शिकाऊ पोरांची उड्डाणं फार कमी होतात. ऑगस्टमध्ये पैसे भरून तिचा एक तासही लगेच वाढणार नाही. हे चार महिने मेडिकल आणि पेपरचे आहेत.

एवढं सगळं वाचून तिचं मन मोडू नये म्हणून एक सांगतो. सोलोच्या, म्हणजे पहिल्या एकट्याच्या उड्डाणाच्या, आधी महिनाभर आमच्या इन्स्ट्रक्टर मॅडम माझ्याकडून एकच गोष्ट करून घ्यायच्या. पहाटे, अंधार असतानाच, पंखाखाली बसून टाकीचं फ्युएल छोट्या पारदर्शक कपात काढायचं. एव्हगॅस १००एलएल फिकट निळं असतं. पाणी असेल तर ते जड, तळाशी थेंबासारखं वेगळं बसतं. कप आभाळाकडे धरून बघायचा, वास घ्यायचा, मग दुसऱ्या पंखाकडे. एकदा ऑक्टोबरात, रात्री पाऊस पडून गेला होता, कपाच्या तळाशी वाटाण्याएवढा थेंब दिसला. मी मॅडमना हाक मारली. त्या काही बोलल्या नाहीत, शेजारी उभ्या राहिल्या. मी पुन्हा काढलं, पुन्हा काढलं, चौथ्या वेळी स्वच्छ निळं आलं. त्याच आठवड्यात त्या विमानातून उतरल्या, दार लावलं आणि म्हणाल्या, एक सर्किट मारून ये, म्हणजे उडून धावपट्टीभोवती एक फेरी आणि परत खाली. शेजारची सीट रिकामी होती म्हणून विमान हलकं झालं होतं, अपेक्षेपेक्षा लवकर उचललं. उजवीकडे बघायची सवय होती, तिकडे कोणी नव्हतं. एवढंच आठवतं, आणि कपातला तो निळा रंग. आज ए३२० चं इंधन माझ्या हाताने तपासावं लागत नाही, पण वॉक-अराउंडला, विमानाभोवती फिरून तपासायला, खाली उतरलो की पंखाखाली पाय आपोआप थांबतात.

भोसरी_टर्निंग

दादा, मशीन-अवरचा हिशोब वाचून रात्री झोप लागली नाही आणि बरंही वाटलं. हे मला समजतं. आता दोन प्रश्न राहिले. लायसन्स मिळालं की नोकरी लगेच असते का? आणि कर्ज काढलं तर मधल्या काळात काय होतं?

हडपसर_ग्लायडर

नोकरीची हमी कोणीही देऊ शकत नाही, काका. सल्लागार तर मुळीच नाही. सीपीएलसोबत मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग लागतं, म्हणजे एकाहून जास्त इंजिनांचं विमान उडवायची आणि नुसत्या उपकरणांवर उडायची परवानगी. मग एअरलाइनची लेखी परीक्षा, सायकोमेट्रिक, सिम्युलेटर, मुलाखत. ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवायचं खास प्रशिक्षण, वेगळं, त्याचे १५ लाखांच्या पुढे धरा. मी सीपीएलनंतर १४ महिने घरी होतो. त्या काळात ग्राउंड क्लासला मेटिऑरॉलॉजी शिकवली, त्यामुळे विषय ताजा राहिला. क्लास वन मेडिकल दर वर्षी नवं करावं लागतं, तोही खर्च. कॅप्टन व्हायला एटीपीएल, म्हणजे सीपीएलच्या वरचं लायसन्स, लागतं, त्याला १,५०० तास, ते नोकरीत होतात.

दुसरे रस्तेही बघा. एअरलाइनचे कॅडेट प्रोग्राम आहेत, निवड आधी होते, पण खर्च कोटीच्या घरात जातो. अमेठीजवळ फुरसतगंजला इग्रुआ ही सरकारी उड्डाण शाळा आहे, प्रवेशपरीक्षा असते, तिने ती द्यावीच. परदेशात तास लवकर होतात, पण परत येऊन डीजीसीएचे पेपर टळत नाहीत.

सहकारनगर_आई

भाऊ, मी बँकेतून निवृत्त झाले, कर्ज विभागातच होते, आणि माझी मुलगी या वाटेने गेलीय. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

कर्ज साडेसात लाखांच्या वर असलं की तारण लागतं. तुमचं वर्कशॉप ज्या जागेत आहे ती जागा तारण देऊ नका, घर किंवा प्लॉट असेल तर तो बघा. धंदा चालता राहिला तर सगळं निभावतं. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. ४० लाखांवर ११ टक्के धरलं तर वर्षाला ४ लाख ४० हजार नुसतं व्याज. १५ वर्षांच्या मुदतीला हप्ता ४५ हजारांच्या आसपास येतो. मधल्या काळात जमेल तेवढं व्याज भरत राहा. शाळेने उशीर केला तरी बँकेचं घड्याळ थांबत नाही. वर त्या मुलाने टप्प्याने पैसे द्यायला सांगितलंय ते यासाठीही महत्त्वाचं. बँकेला सांगा की शाळेच्या मागणीपत्रावर आणि झालेल्या तासांच्या दाखल्यावरच पुढचा टप्पा सोडा. बँक हे आनंदाने करते, तिचंही हित त्यात आहे.

आता तुमच्या मिसेससाठी. मीही रडले होते. हॉस्टेल बघायला मी स्वतः गेले, वॉर्डन बाईंशी बोलले, रात्री साडेनऊला मुलींच्या मजल्यावर दिवे कसे असतात ते बघितलं. तिथे आधीच्या बॅचच्या तीन मुली होत्या, त्यांच्या आयांचे नंबर घेतले. त्या आया आजही माझ्या मैत्रिणी आहेत. मुली या क्षेत्रात एकट्या पडतात असं वाटत असेल तर तसं नाही. जगात बायका वैमानिक ५ टक्क्यांच्या आसपास आहेत, आपल्या देशात १५ टक्क्यांजवळ. आणि सुरुवात आजची नाही. कॅप्टन सौदामिनी देशमुखांनी १९८५ साली कोलकाता ते सिल्चर विमान नेलं, कॉकपिटपासून केबिनपर्यंत सगळ्या बायका. मुलीचं ठरलं तेव्हा माझ्या सासूबाईंनीच मला ती आठवण करून दिली, त्यांनी तेव्हा पेपरात वाचलेली.

भोसरी_टर्निंग

ताई, दादा, कर्वेनगरवाले, तिघांचेही मनापासून आभार. सल्लागाराला फोन करून सांगितलं की सध्या काही भरत नाही. काल चिंचवडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. ठिपक्यांचं पुस्तक तिने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत भराभर वाचलं, माझा हात मात्र घामाने ओला झाला होता. क्लास टूची वेळ पुढच्या बुधवारची मिळालीय. बोर्डाच्या ऑफिसात ती स्वतः एकटी जाऊन अर्ज देऊन आली. हिमोग्लोबिन ११.२ आलंय, तर आजीने खजूर आणि अळिवाचे लाडू सुरू केलेत, डॉक्टरांनी गोळ्याही दिल्यात.

एका शाळेत शनिवारी जायचं ठरवलंय. किती वाजता पोचलं तर विमानं उडताना दिसतील?

हडपसर_ग्लायडर

सहाला गेटवर असा. सकाळी वारा पडलेला असतो, नव्या मुलांना तेव्हाच उडवतात. ढग खाली असतील तर उड्डाण नसेल, मग हँगर बघा आणि दसऱ्यानंतर पुन्हा एकदा जा. हिमोग्लोबिन ११.२ आहे, म्हणून बुधवारची वेळ पुढे ढकलता आली तर तीन-चार आठवडे ढकला, पुन्हा तपासा, मगच जा. आणि तिची ती वही सोबत न्यायला सांगा, व्हीटी नंबर त्यातच लिहिता येतील.